स्कॅन केल्यावरही ‘मेनू कार्ड आहे का?’ : डिजिटल मेनूचं परत परत उलटणारं दुखणं

टेबलावर क्यूआर कोड आहे. गिऱ्हाईक येऊन बसतं, मोबाइल काढतं, कोड स्कॅन करतं, बोटानं दोन-चारदा वर-खाली करतं आणि मग मान वर करून हाक मारतं, ‘‘ओ दादा, मेनू कार्ड आहे का?’’ आठवडाभर हे बघून मालक मेनू करून देणाऱ्याला फोन लावतो. तो रंग बदलतो, फोटो मोठे करतो, वर एक सरकती पट्टी टाकतो. पंधरा दिवस बरे जातात, मग पुन्हा तीच हाक.

मी छोट्या हॉटेलांना डिजिटल मेनू करून देतो आणि माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत ही सगळ्यांत जास्त वेळा येते. दुरुस्ती होते, पण दुखणं उलटतं, कारण दुरुस्ती भलत्याच जागी झालेली असते. खाली जे सांगतोय ते बहुतेक एकाच हॉटेलात शिकलोय. कोल्हापुरातलं, १८ टेबलांचं, घरच्याच माणसांनी चालवलेलं, मटणाच्या ताटासाठी लोक लांबून येतात असं. तिथला पहिला मेनू मीच केला होता आणि तो चालला नाही. दुसरा करायच्या आधी मी दोन रविवार गल्ल्याशेजारी वही घेऊन बसलो. तुमच्याकडे ताटाऐवजी डोसा असेल, मिसळ असेल, मासे असतील. पण हे वही घेऊन बसणं चुकवू नका. बाकीचं सगळं त्यातूनच निघतं.

आधी निदान

मालकांचं म्हणणं होतं, ‘‘आमच्याकडं आसपासच्या गावांतली माणसं येतात, त्यांना मोबाइलवरनं मागवायला जमत नाही.’’ पण हीच माणसं जाताना गल्ल्यावरचा यूपीआयचा कोड स्कॅन करून, रक्कम घालून, पिन टाकून पैसे देत होती. ते अर्ध्या मिनिटात जमत होतं. म्हणजे मोबाइलची अडचण नव्हती.

वहीत मी एकच गोष्ट उतरवत होतो : वेटरला विचारलेला प्रत्येक प्रश्न, ज्या शब्दांत विचारला त्याच शब्दांत. ‘‘ताटात चपात्या किती येतात?’’ ‘‘रस्सा परत मिळतो का?’’ ‘‘सुकं वेगळं घेतलं तर दोघांना पुरंल का?’’ ‘‘पोरासाठी तिखट नसलेलं काय आहे?’’ ‘‘मटण आहे का संपलं?’’ ‘‘भाकरी ज्वारीची का तांदळाची?’’ दोन रविवारांत कितीतरी पानं भरली आणि त्यात दराविषयीचे प्रश्न अगदी थोडे होते. माझ्या मेनूत काय होतं? नाव आणि दर.

छापील कार्डातही नाव आणि दरच असायचे. तरी ते चालायचं, कारण ते हातात देणारा वेटर तिथंच उभा असायचा आणि बाकीची सगळी माहिती त्याच्या तोंडात असायची. क्यूआर कोड लावताना आपण वेटरला टेबलापासून लांब नेलं, पण त्याच्याकडची माहिती पडद्यावर आणली नाही. दुखणं इथं आहे. रंग आणि फोटो बदलून ते जात नाही. वहीतला प्रत्येक प्रश्न म्हणजे मेनूत राहिलेली एक ओळ, असं धरून कामाला लागायचं.

कोडच उघडत नसेल तर

हे झटपट तपासून मोकळे व्हा. कोड टेबलावर पडलेला असेल आणि मोबाइल साधारण ३० सेंटिमीटरवरून धरला जात असेल, तर कोडाची बाजू निदान ३ सेंटिमीटर हवी. अंतराचा दहावा भाग हा हिशोब चालतो. कोडाभोवती कोरी पांढरी किनार सोडा, कोडातल्या चार बारीक ठिपक्यांइतकी रुंद. छपाईवाले तिथं नक्षी घालतात आणि मग कोड पकडला जात नाही. गडद पाटीवर पांढऱ्या रेघांचा उलटा कोड दिसायला छान असतो, पण काही मोबाइल तो वाचतच नाहीत. चकचकीत लॅमिनेशनवर ट्यूबलाइट परावर्तित होते, म्हणून मॅट लॅमिनेशन घ्या.

हा कोड १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो कंपनीत मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवायला तयार झाला. मळला, थोडा फाटला तरी वाचता यावा ही सोय त्यात मुळातच आहे. तिच्या चार पातळ्या असतात. सगळ्यांत खालच्या पातळीत सुमारे ७ टक्के भाग खराब झाला तरी चालतं, सगळ्यांत वरच्या पातळीत सुमारे ३० टक्के. जिथं रश्शाचा हात रोज कोडावरून फिरतो तिथं वरची पातळीच निवडा आणि कोडात घातलेला मेनूच्या पानाचा वेब-पत्ता छोटा ठेवा. पत्ता लांबला की कोडातले ठिपके बारीक होतात.

एक गोष्ट मात्र नीट विचारून घ्या. फुकट कोड करून देणाऱ्या काही सेवा कोडात तुमचा पत्ता घालत नाहीत, स्वतःचा घालतात आणि तिथून तुमच्याकडे वळवतात. मुदत संपली की एका सकाळी सगळ्या टेबलांवरचे कोड एकदम बंद. ‘महिनाभर चालतं आणि मग बंद पडतं’ अशी तक्रार आली की मी पहिल्यांदा हेच बघतो. कोडात स्वतःच्या मालकीचा पत्ता घाला, मग पुढं मेनू कुठंही हलवता येतो आणि टेबलावरचा कोड तोच राहतो.

आणि मेनू पीडीएफचा असेल तर आत्ताच बदला. छापील कार्डाची पीडीएफ मोबाइलवर बघायची म्हणजे दोन बोटांनी मोठं करा, डावीकडं ओढा, उजवीकडं ओढा, दर कुठल्या ओळीचा ते हरवा. तिच्यात कितीही सुधारणा केल्या तरी तो मेनू होत नाही.

पहिल्या पडद्यावर काय

माझ्या पहिल्या मेनूत स्टार्टर, मेन कोर्स, राइस, ब्रेड, डेझर्ट असे विभाग होते. मेनूच्या साच्यात (टेम्प्लेटमध्ये) तयार मिळाले, मी तसेच ठेवले. ताट खायला आलेल्या माणसाला यातलं काहीच आपलं वाटत नाही. तो ‘मेन कोर्स’ उघडायचा, तिथं चाळीसेक पदार्थ आणि त्यात ताट तेवढं शेवटी, कारण यादी अक्षरांच्या क्रमानं लागली होती.

दुसऱ्या वेळी विभाग वेटर बोलतात तसे केले : ताट, सुटं, भाकरी-चपाती-भात, शाकाहारी, पार्सल. कोड स्कॅन केला की पहिल्याच पडद्यावर सगळी ताटं. स्वागताचं पान, लोगो फिरणारं पान, ‘आमच्याविषयी’ हे सगळं काढलं. भूक लागलेल्या माणसाला इतिहास नको असतो, तो पोट भरल्यावर भिंतीवरच्या फोटोत वाचतो.

खरा फरक पडला तो ताटाच्या नावाखालच्या ओळींनी. त्या लिहायला मालकांच्या वहिनींसोबत एक दुपार बसलो, कारण ताट त्याच लावतात. मटण ताटाखाली आता असं आहे : ‘मटण सुकं, तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, २ भाकऱ्या किंवा ३ चपात्या, भात, कांदा-लिंबू.’ आणि त्याखाली वेगळी ओळ : ‘रस्सा हवा तेवढा. सुकं एकदाच. जादा भाकरीचे पैसे वेगळे.’ ही दुसरी ओळ लिहावी की नाही यावर मालक बराच वेळ अडून बसले. ‘‘असं तोंडावर लिहिलेलं बरं दिसतंय का?’’ असं त्यांचं म्हणणं होतं. मला वाटतं, बिल आल्यावर गल्ल्यासमोर हीच गोष्ट तोंडानं सांगण्यापेक्षा आधी लिहिलेलं कितीतरी बरं. आता जादा भाकरीवरून वाद होत नाहीत आणि मालकही ती ओळ काढू देत नाहीत.

फोटोंबद्दल थोडंच सांगतो. फक्त ताटांचे ठेवा, तुमच्याच ताटाचे, खिडकीच्या उजेडात काढलेले. इंटरनेटवरून उचललेल्या फोटोत वर क्रीमची नक्षी असलेली कुठलीतरी भाजी असते आणि समोर येतं ते वेगळंच. भाकरीचा फोटो लागत नाही. फोटो हलके करून घ्या, नाहीतर जुन्या जाड भिंतींच्या हॉटेलात, जिथं रेंज एक दांडी असते, तिथं गिऱ्हाईक गोल फिरणारं चक्र बघत बसतं आणि मग तीच हाक मारतं. अक्षरं आधी, फोटो मागाहून येतील असं करून घ्या.

पांढरा रस्सा आणि हिरवा ठिपका

दुसऱ्या रविवारी अंबाबाईचं दर्शन करून एक कुटुंब आलं. बरोबर आजी होत्या, पूर्ण शाकाहारी. बाकीच्यांनी ताटं मागवली. सूनबाई मोबाइलवर आजींसाठी काहीतरी मऊ, तिखट नसलेलं शोधत होत्या. ‘इतर’ या विभागात त्यांना ‘पांढरा रस्सा’ दिसला. पांढरा, नारळाच्या दुधातला, तिखट नाही असं कुणीतरी सांगितलेलं. त्यांनी एक वाटी मागवली.

वाटी टेबलावर आली. वेटर अनुभवी होता. कुणापुढं ठेवायची ते बघताना तो थांबला. ‘‘आजी, ही तुमच्यासाठी न्हाई. ह्यात मटणाचं अळणी असतं.’’ अळणी म्हणजे मटण शिजवलेलं पाणी. आजींनी हात मागं घेतला. कुणी आरडाओरडा केला नाही, पण त्या टेबलावरचं बोलणंच बंद झालं. आजींनी नंतर फक्त दहीभात खाल्ला.

चूक माझी होती. ताटांना, सुट्या पदार्थांना शाकाहारी-मांसाहारी खुणा होत्या. ‘इतर’मध्ये रस्से, सोलकढी, पापड, पाणी असं सगळं एकत्र होतं आणि तिथं खुणा घालायच्या राहिल्या होत्या. कोल्हापूरच्या माणसाला पांढरा रस्सा कशात होतो हे सांगावं लागत नाही, म्हणून माझ्या डोक्यातच आलं नाही. बाहेरून आलेल्या माणसाला नावावरून ते कळायचा काहीही मार्ग नाही. शिवाय काही ठिकाणी शाकाहारी पांढरा रस्साही करतात, म्हणजे गोंधळ आणखीच.

त्या दिवसापासून माझा नियम असा : यादीतल्या एकाही पदार्थाला खुणेशिवाय जाऊ द्यायचं नाही, पाण्याच्या बाटलीलासुद्धा नाही. खूण रिकामी असेल तर पदार्थ मेनूत चढतच नाही, अशी अटच घालून ठेवली आहे. आणि खूण नुसत्या रंगाची नको. लाल-हिरव्यातला फरक न दिसणारी माणसं असतात, बायकांपेक्षा पुरुषांत कितीतरी जास्त. पाकीटबंद पदार्थांसाठी एफएसएसएआयनं, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, २०२० च्या नियमांत मांसाहारी खूण बदलून चौकोनातला तपकिरी त्रिकोण केली. शाकाहारी खूण चौकोनातला हिरवा गोलच राहिला. आकारच वेगळा असला की रंग दिसला नाही तरी भागतं. मेनूतही तेच आकार वापरा आणि मांसाहारीच्या शेजारी शब्दही लिहा.

पांढऱ्या रश्शाखाली आता लिहिलंय : ‘मटणाचं अळणी, नारळाचं दूध, तीळ, खसखस. तिखट नाही. मांसाहारी.’ तिखटाचंही असंच. तीन मिरच्यांची चित्रं काढून उपयोग नाही, कारण कोल्हापूरच्या एका मिरचीचा अर्थ पुण्याच्या माणसाला वेगळा लागतो. त्याऐवजी ‘लहान मुलांना चालेल’ ही एक गाळणी (फिल्टर) ठेवली. ती दाबली की पाच-सहा पदार्थ उरतात. वहीतला ‘पोरासाठी काय आहे?’ हा प्रश्न त्यानंतर जवळजवळ थांबला.

‘जैन’ आणि ‘उपवासाचं’ या खुणा मात्र भटारखान्याला विचारल्याशिवाय लावू नका. कांदा-लसूण न घालता करून देऊ असं म्हणणं सोपं आहे, पण वाटण आधीच सकाळी झालेलं असतं. त्या हॉटेलात जैन करता येत नव्हतं, म्हणून तसं लिहिलंच नाही. सोय नसणं चालतं. आहे म्हणून सांगून ताटात कांदा निघणं चालत नाही.

‘संपलं’

सगळ्यांत जास्त वेळ इथं द्या. मेनू परत परत ‘बिघडतो’ तो बहुतेक इथंच.

रविवारी सव्वादोनला मटण सुकं संपलं. भटारखान्यात सगळ्यांना माहीत होतं. मेनूला माहीत नव्हतं. त्यानंतरच्या वीस मिनिटांत सहा टेबलांनी सुकं मागवलं, ऑर्डर ‘स्वीकारली’ असं हिरव्या अक्षरांत दिसलं आणि मग कॅप्टन (वेटरांवरचा माणूस) प्रत्येक टेबलाशी जाऊन सांगत होता, ‘‘सुकं संपलंय, दुसरं काय देऊ?’’ एकदा असं झालं की त्या टेबलावरचं माणूस पुढं मेनूवर विश्वास ठेवत नाही. पुढच्या वेळी येतं ते थेट वेटरलाच विचारतं. त्याचं बरोबरच आहे.

‘संपलं’ अशी खूण करायची सोय पहिल्या मेनूतही होती. गल्ल्यावरच्या संगणकात, तीन पानं आत, पासवर्ड टाकून. रविवारी दुपारी गल्ल्यावरच्या माणसानं ते करायचं म्हणजे समोर बिलासाठी उभ्या असलेल्या आठ जणांना थांबवायचं. पहिला आठवडा केलं, नंतर सुटलं. म्हणून ‘मेनू सुरुवातीला चांगला चालला, मग बिघडला’ असं वाटतं. बिघडलेलं काहीच नसतं. ज्याला माहिती सगळ्यांत आधी कळते आणि ज्याच्या हातात बटण आहे, ती दोन वेगळी माणसं असतात.

तिथं आधी कळायचं वहिनींना. पातेल्यात पळी बुडवली की किती ताटं निघतील ते त्यांना कळतं. मग मालकांचा एक जुना मोबाइल घेतला, चार्जिंगला जोडून भटारखान्याच्या खिडकीशेजारी भिंतीवर बसवला आणि त्यावर एकच पान उघडं ठेवलं. पूर्ण मेनू त्यावर नाही. खरोखर संपणारे बाराच पदार्थ, मोठ्या अक्षरांत, एकाखाली एक. नावावर बोट ठेवलं की ओळ लाल होते आणि गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर ‘आज संपलं’ दिसतं. पुन्हा बोट ठेवलं की परत सुरू. पासवर्ड नाही, ‘खात्री आहे का?’ असं विचारणं नाही.

पहिल्या दिवशी एक अडचण आली. ओल्या हाताला पडदा दाद देत नाही. भलतीच ओळ लाल व्हायची. ओळी आणखी उंच केल्या, दोन ओळींत मोकळी जागा वाढवली आणि शेजारी खिळ्याला एक कोरडं फडकं अडकवलं. वहिनी हात पुसतात, बोट ठेवतात, पुन्हा पळी घेतात.

संपलेला पदार्थ मेनूतून नाहीसा करू नका, फिका करून जागेवरच ठेवा. एकदा मी तो लपवून बघितला. लोक विचारू लागले, ‘‘सोलकढी ठेवत नाही का तुम्ही?’’ म्हणजे वहीत नवा प्रश्न. ‘शेवटची ३ ताटं’ असं दाखवायचा मोह मात्र आवरा. दोन टेबलांनी एकदम मागवलं की तिसरं-चौथं ताट कुणाचं यावरून कटकट होते.

दुसऱ्या दिवशी सगळं आपोआप ‘आहे’ होऊ देऊ नका. तिथं सकाळी साडेअकराला, पहिलं ताट जायच्या आधी, वहिनी ती बारा नावं एकदा वरून खाली बघतात. ज्या वारी मटण करत नाहीत तो वार मेनूत एकदाच घालून ठेवलाय, श्रावणातले बदलही. ते रोज कुणाच्या लक्षात राहायची गरज नाही.

मराठी अक्षरांचे बिघाड

हे मुद्दाम विस्तारानं लिहितोय, कारण तयार साचे इंग्रजी अक्षरांसाठी बेतलेले असतात आणि मराठीत त्यांचे सांधे निखळतात.

हॉटेलवाल्यांकडं जुन्या छापील कार्डाची फाइल असते. ती छापखान्यात शिवाजी, कृतीदेव अशा जुन्या टंकांत (फॉन्टांत) बसवलेली असते. त्यातून मजकूर उचलून मेनूत टाकला की भलतीच अक्षरं दिसतात. बदलून देणारी साधनं मिळतात, पण त्यातूनही चुका राहतात. ‘ऑम्लेट’मधला ऑ कधी एक अक्षर म्हणून येतो, कधी ‘आ’वर वेगळा चंद्र बसवून. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला नाही. गिऱ्हाईक ‘ऑम्लेट’ शोधतं आणि ‘काही सापडलं नाही’ असं उत्तर मिळतं. ‘ॲपल ज्यूस’च्या ॲचंही तेच. साठसत्तर पदार्थ असतील तर सरळ नव्यानं टाइप करा. एका दुपारचं काम आहे आणि कायमचं सुटतं.

‘भाकऱ्या’ हा शब्द मुद्दाम तपासा. चुकीचा ‘र’ वापरला की तिथं रफार चढतो आणि ‘भाकर्या’ असं काहीतरी होतं. पानाच्या कोडमध्ये भाषा ‘मराठी’ अशी नोंदवायला सांगा. बऱ्याच साच्यांत ती इंग्रजी किंवा हिंदी असते. मराठी नोंदवली की ज्या टंकांत सोय आहे तिथं ‘ल’ आणि ‘श’ आपल्या वळणाचे येतात. मुक्ता, बालू, नोटो हे टंक मोफत आहेत आणि मोबाइलवर स्वच्छ वाचता येतात. वळणावळणाचे टंक पाटीवर ठेवा.

साठीच्या पुढच्या कितीतरी माणसांनी मोबाइलची अक्षरं मोठी करून घेतलेली असतात. तुमचा मेनू तशा मोबाइलवर बघितलाय का? माझा पहिला मेनू त्यावर मोडत होता. ओळीची उंची ठरावीक होती; अक्षर मोठं झालं की वरची वेलांटी आणि खालचा उकार कापला जायचा. ‘सुकं’चं ‘सकं’ झालेलं मी स्वतः बघितलं. दर पुढच्या ओळीत घसरायचा तो वेगळाच. ओळीला ठरावीक उंची देऊ नका आणि देवनागरीला ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा जास्त हवा ठेवा. अक्षराच्या दीडपट उंची मी कमीत कमी धरतो. फिकट राखाडी अक्षरं पांढऱ्यावर नकोत. वेब सुलभतेच्या निकषांत साध्या मजकुरासाठी ४.५ ला १ इतका उठाव (कॉन्ट्रास्ट) मागितलाय, तो मोजून देणारी साधनं मोफत आहेत. ‘+’ आणि ‘−’ ही बटणं निदान ९ मिलिमीटरची करा. मालकांच्या वडिलांच्या हातात मोबाइल द्या आणि बघत राहा, काही बोलू नका. त्यांचं बोट कुठं अडतं ते लिहून घ्या.

भाषा मोबाइलच्या भाषेवरून ठरवू नका. कितीतरी मराठी माणसांचा मोबाइल इंग्रजीत असतो, पण ‘मटण सुकं’ त्यांना मराठीतच वाचायचं असतं. मेनू मराठीत उघडू द्या आणि वर उजवीकडं भाषा बदलायचं बटण उघड्यावर ठेवा. कोल्हापुरात कर्नाटकातून बरीच माणसं येतात, म्हणून तिथं कन्नडही ठेवली. नावांचं भाषांतर करायचं नाही. तांबडा रस्सा सगळ्या भाषांत तांबडा रस्साच, खालचं वर्णन तेवढं बदलतं.

शोधाच्या चौकटीत माणसं कसंही लिहितात. थाळी, थाली, ताट, मटण, मटन, किंवा सगळं इंग्रजी अक्षरांत. प्रत्येक पदार्थाला अशी चार-पाच नावं आतून जोडून ठेवा, दिसलं नाही तरी चालेल.

ऑर्डर भटारखान्यात पोचताना

एका टेबलावर चौघांनी चार मोबाइलवर स्कॅन केलं तर चौघांची यादी एकच दिसली पाहिजे. नाहीतर बापानंही दोन ताटं घातली, मुलानंही तीच घातली, आणि चार ताटं येतात. पाठवायच्या आधी मोठ्या अक्षरांत ‘टेबल ७’ दिसू द्या. रविवारी दहा जणांसाठी टेबलं जोडली जातात, ७ नंबरचं टेबल ९ शेजारी जातं, आणि ताटं जुन्या जागी निघतात. तिथं नंबर आणि कोड टेबलावरून काढून भिंतीवर लावले. टेबल हललं तरी जागेचा नंबर हलत नाही. मधल्या रांगेला भिंत नव्हती, तिथं आजही कॅप्टन तोंडानं विचारतो.

कुणी कोडाचा पत्ता घरी जाऊन उघडतो, कुणाचं लहान मूल खेळता खेळता बटण दाबतं. म्हणून पहिली ऑर्डर कॅप्टननं मान्य केल्याशिवाय केओटी, म्हणजे भटारखान्यात जाणारी ऑर्डरची चिठ्ठी, छापायची नाही. त्यानंतर त्याच बैठकीत मागवलेल्या जादा भाकऱ्या थेट जाऊ द्या. बिल झालं की ते टेबल बंद.

केओटीवर मराठीऐवजी प्रश्नचिन्हं छापली जात असतील तर प्रिंटर बिघडलेला नाही. बऱ्याच थर्मल प्रिंटरांत देवनागरी अक्षरंच नसतात. मजकूर चित्र करून पाठवावा लागतो. ८० मिलिमीटरच्या प्रिंटरवर रुंदी बहुतेक ५७६ ठिपक्यांची असते, तेवढ्यात बसवा. आणि भटारखान्यासाठी वेगळं, आखूड नाव ठेवा. गिऱ्हाइकाला ‘पांढरा रस्सा (मटणाचं अळणी)’ हवं, आत ‘पांढरा – २’ एवढंच वाचलं जातं.

मेनू उघडायच्या आधी मोबाइल नंबर आणि ओटीपी मागत असाल तर ते काढा. मालकांना जाहिरातीसाठी नंबर हवे असतात, समजतं. पण जेवायला बसलेल्या माणसाला दरवाजातच अडवून नाव-गाव विचारण्यासारखं आहे ते. तिथूनच माणसं मोबाइल खाली ठेवतात, हे मी टेबलाशेजारी उभं राहून बघितलंय. बिलाची प्रत मोबाइलवर हवी का, असं शेवटी विचारा. ज्याला नंबर द्यायचा तो देतो.

दर आणि बिल

मेनूतला दर आणि बिलाची रक्कम यात फरक पडत असेल तर तो मेनूतच सांगा. साध्या हॉटेलच्या जेवणावर ५ टक्के जीएसटी लागतो. तो धरून दर लिहिलाय की वेगळा, हे यादीच्या पानावर एका ओळीत दिसू द्या. मालकांनी जीएसटीची कंपोझिशन योजना (छोट्या व्यावसायिकांसाठीची) घेतली असेल तर गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेताच येत नाही, त्यामुळे साच्यातली कराची ओळ बंद करायला विसरू नका. सेवा शुल्काचंही बटण काही साच्यांत आधीपासून चालू असतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ ला ते बिलात आपोआप जोडायला मनाई केली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ती उचलून धरली. ते बटण पहिल्याच दिवशी बंद करा.

छापील कार्ड

ठेवा. ज्याच्या मोबाइलची बॅटरी गेली, ज्याला डोळ्यानं कमी दिसतं, ज्याला मोबाइल नकोच आहे, त्याला कार्ड मागताना संकोच वाटू नये. तिथं गल्ल्याशेजारी खुंटीवर सहा कार्डं टांगलेली असतात. डिजिटल यादीतूनच छापलेली, त्याच क्रमानं, त्याच खुणांसह आणि खाली छापल्याची तारीख. दर बदलला की त्याच दिवशी जुनी सहाही कार्डं खुंटीवरून उतरवायची, हे काम मालकांच्या मुलीनं घेतलंय. वही अजून तिथंच आहे. दर तीन महिन्यांनी एक रविवार मी जाऊन बसतो. गेल्या वेळी एकच प्रश्न तीन टेबलांनी विचारला होता, ‘‘पार्सलमध्ये रस्सा किती येतो?’’ आम्ही डबा मापला आणि ती ओळ त्याच संध्याकाळी मेनूत चढली.